रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावाचा इतिहास शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाचा इतिहास लिहायचा असं मनात घेतलेल्या माणसांकडून हे प्रश्न सतत येतात. विचारणारे कधी गावातच राहणारे शिक्षक असतात, कधी मुंबईहून गणपतीला आलेले चाकरमानी, तर कधी पणजोबांचं नाव शोधणारी तरुण मुलं. उत्तरं रत्नागिरी जिल्ह्यापुरती आहेत. शेजारच्या रायगड आणि सिंधुदुर्गातही यातलं बरंच लागू पडेल.

सुरुवात कुठून करायची?

एका जागेपासून. ‘गावाचा इतिहास’ हा विषय हातात मावत नाही. ‘खाडीकाठचा धक्का कुणी बांधला’ किंवा ‘खालच्या वाडीतली विहीर कुणाची’ हे प्रश्न मावतात. असा एक प्रश्न धरला की कागद आपोआप पुढचा रस्ता दाखवतात.

पहिला कागद म्हणजे त्या जागेचा सातबारा. त्यावर फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक असतात. ते एकामागून एक मागे नेत गेलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोचता येतं. वारस नोंदीच्या एका फेरफारात मयत खातेदाराचं नाव, वारसांची नावं आणि पुष्कळदा लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावंही मिळतात. घराण्याच्या वंशावळीत लेकींची नावं बहुधा गाळलेली असतात, म्हणून ही नोंद मोलाची. स्कॅन झालेले जुने उतारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर थोड्या शुल्कात मिळतात. तिथं नसेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. मोजणीचे नकाशे आणि टिपणं तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात.

दुसरा कागद गावच्या शाळेत आहे. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, पालकाचा धंदा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण लिहिलेलं असतं. ‘मुंबईस गेला’ हे कारण कोणत्या वर्षांत वाढत गेलं तेवढं मोजलं, तरी गावाच्या स्थलांतराचा पहिला आराखडा हाती येतो. मुख्याध्यापकांना लेखी विनंती करा आणि रजिस्टर शाळेतच बसून पाहा.

गॅझेटियरमध्ये सगळं नाही का?

रत्नागिरी आणि सावंतवाडीचा मुंबई इलाख्याचा गॅझेटियर १८८० साली निघाला. महाराष्ट्र सरकारने नवा रत्नागिरी गॅझेटियर १९६२ साली काढला. दोन्ही मोफत वाचता येतात आणि वाचायलाच हवेत. बंदरं, आयात-निर्यात, पिकं, रस्ते यांची इतकी भरगच्च माहिती दुसरीकडे एका जागी मिळत नाही.

पण १८८० चा गॅझेटियर हा महसूल गोळा करणाऱ्यांनी महसूल गोळा करण्यासाठी लिहिलेला ग्रंथ आहे, हे वाचताना लक्षात ठेवावं. जातींची वर्णनं करताना ‘हे लोक आळशी, ते लोक कष्टाळू’ असे शेरे बेधडक मारलेले आहेत. अनेक गावांची पुस्तकं हे शेरे जशीच्या तशी उचलतात आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अधिकाऱ्याचा पूर्वग्रह गावाचं सत्य होऊन बसतो. आकडे घ्या, शेरे तपासा.

जुन्या कागदांत आमचं गाव सापडतच नाही. नोंदच नसेल का?

बहुतेक वेळा नोंद असते, आपण चुकीच्या तालुक्यात शोधत असतो. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधीचं मालवण, देवगड, वेंगुर्लं हे सगळं ‘जिल्हा रत्नागिरी’मध्येच आहे. मंडणगड जुन्या कागदांत दापोलीखाली येतो. संगमेश्वर तालुक्याची कचेरी देवरुखला आहे, म्हणून काही माणसं संगमेश्वर बाजारात चौकशी करून परत येतात.

पेशवाईत आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला तालुके किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात : तालुका सुवर्णदुर्ग, तालुका अंजनवेल, तालुका रत्नागिरी, तालुका विजयदुर्ग. त्याच्याही मागे गेलं की सुभा दाभोळ आणि सुभा राजापूर. त्याखाली तर्फा, म्हणजे काही गावांचे गट. आपलं गाव कोणत्या तर्फेत होतं हे एकदा कळलं की अर्धं काम झालं.

इंग्रजी कागदांत स्पेलिंगचा घोळ असतो. दाभोळ ‘डाबुल’ होतं, जयगड ‘झायघर’ होतं आणि बाणकोटचा किल्ला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ होतो. सुवर्णदुर्गाचं ‘सेव्हर्नड्रूग’ झालं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर विल्यम जेम्सने पेशव्यांच्या बाजूने तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला एप्रिल १७५५ मध्ये घेतला. पुढे त्याच्या बायकोने लंडनमध्ये शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक मनोरा उभारला. १७८४ चा तो मनोरा आजही हर्णैच्या या किल्ल्याचं नाव लावून उभा आहे.

मोडी शिकलीच पाहिजे का?

१८१८ च्या आधीचं काही वाचायचं असेल तर हो. नंतरच्याही गावपातळीवरच्या नोंदी कित्येक दशकं मोडीतच आहेत. अक्षरओळख काही आठवड्यांत होते. अडचण पुढे येते, कारण मोडीत शब्द सुटे करत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि लेखनिक संक्षेप भरपूर वापरतो. छापील किंवा सुवाच्य पेशवेकालीन कागदावर हात बसवा, मग गावच्या कुळकर्ण्याच्या घाईच्या अक्षराकडे वळा.

एक जवळची सोय अलीकडे झाली आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून सरकारी दफ्तरांतल्या जुन्या मोडी नोंदी मोठ्या प्रमाणावर स्कॅन झाल्या आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. दाखल्यासाठी केलेलं हे काम आपल्याला सरावासाठीही उपयोगी पडतं, कारण कोतवाल बुकातली म्हणजे गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद एकाच साच्यात पुन्हापुन्हा येते.

कागदावरची तारीख कशी वाचायची? आकडाच दिसत नाही.

आकडा असतो, अरबी शब्दांत लिहिलेला. त्याला शुहूर सन म्हणतात. एक उदाहरण सावकाश पाहू : ‘सन सबा सितैन मया व अलफ’. सबा म्हणजे सात, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६७. हा सन मृग नक्षत्राला, म्हणजे पावसाच्या तोंडाशी सुरू होतो. त्यामुळे जून ते डिसेंबरमधल्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेमधल्या कागदाला ६००. हा कागद १७६६-६७ चा ठरला.

पुढे ‘छ १२ रबिलावल’ असं असेल तर ‘छ’ म्हणजे चांद्र तारीख आणि रबिलावल हा हिजरी महिना. वर्ष सौर, महिना चांद्र, अशी ही जोडी असल्याने नेमका दिवस काढायला जंत्रीच (तारखांच्या जुळणीचं कोष्टक) लागते, तोंडी हिशेब चालत नाही. शालिवाहन शकात ७८ मिळवायचे, पौष ते फाल्गुनातल्या बहुतेक तिथींना ७९. कागदावर ‘राज्याभिषेक शक’ लिहिलेला असेल तर मोजणी १६७४ पासून. एकाच कागदावर दोन पद्धतींच्या तारखा असतील आणि त्या जुळत नसतील, तर तो कागद नंतर केलेली नक्कल आहे का हे तपासावं.

खोती म्हणजे नेमकं काय होतं, आणि तिचे कागद कुठं मिळतात?

रत्नागिरीचा इतिहास खोतीवाचून समजत नाही, म्हणून हे उत्तर लांब आहे.

देशावरच्या रयतवारी गावात शेतकरी सरकारला थेट सारा देतो. इथल्या बहुसंख्य गावांत सरकार आणि कुळं यांच्यामध्ये खोत होता. गावचा सारा त्याने सरकारात भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा. काही गावांत धारेकरी थेट धारा भरत. कुळाकडून घ्यायचा मक्ता पिकाच्या वाट्याने ठरे : अर्धल म्हणजे निम्मं, तिरधल म्हणजे तिसरा हिस्सा. शिवाय वेठ. खोताच्या शेतावर फुकट राबणं, त्याची लाकडं आणणं, त्याच्या घरचं कार्य उरकणं यांच्या आठवणी गावोगाव अजून निघतात.

इंग्रज सरकारने १८८० च्या खोती कायद्याने खोत आणि कुळं यांचे हक्क लिहून काढले. त्या वेळच्या पाहणीत कोणतं कूळ कोणती जमीन कसतं आणि किती देतं याच्या नोंदी झाल्या. अशा नोंदवहीला कोर्टाच्या निकालांत आणि जुन्या दफ्तरांत ‘बोटखत’ म्हटलेलं आढळतं. आपल्या गावचं बोटखत मिळालं तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची कुळं नावानिशी समोर येतात. खोती गावांतले वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. छापलेल्या निकालपत्रांत गावाचं नाव शोधून पाहावं, कारण वकिलांनी त्यात पेशवाईतल्या सनदांपासूनचा इतिहास मांडलेला असतो. तो अशिलाच्या सोयीने मांडलेला आहे, हे मात्र विसरू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. प्रत्यक्ष खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्यानंतरचे फेरफार जरूर वाचावेत. कोणत्या कुळाचं नाव लागलं, कुणाचं लागता लागता राहिलं आणि कुणी कायदा येण्याआधीच जमीन सोडून मुंबई गाठली, हे त्यांतून कळतं.

आमच्या घराण्याकडे जमीनच नव्हती. आमचा इतिहास कुठं सापडेल?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. महसुली दफ्तर ज्याच्याकडे जमीन होती त्याचं आहे. त्यावर विसंबून लिहिलेल्या गावाच्या पुस्तकात खोत, कुळकर्णी, देवस्थान आणि दोन-तीन मोठी घरं येतात, आणि गावातली निम्मी माणसं गैरहजर राहतात. ती गैरहजेरी नैसर्गिक मानू नये. त्या माणसांचे कागद आहेत, फक्त दुसरीकडे आहेत.

महार समाजातली पुष्कळ माणसं लष्करात गेली. १८१८ नंतर इंग्रजांनी दापोलीला छावणी केली, त्या आसऱ्याने निवृत्त सैनिक तिथं स्थायिक झाले. घरातलं पेन्शन बुक, डिस्चार्जचा कागद, पदक, पलटणीचा क्रमांक कोरलेलं भांडं हे सगळं पुरावा आहे. किनाऱ्यावरच्या खारवी, दालदी, भंडारी आणि कोकणी मुसलमान घरांतले पुरुष आगबोटींवर खलाशी होते. त्यांचं नोकरीचं पुस्तक, ज्याला ते नली म्हणतात, जपलेलं असलं तर त्यात कोणत्या बोटीवर कधीपासून कधीपर्यंत काम केलं ते सगळं येतं. जमातीच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या पंचायतीच्या, हिशेबवह्यांत मशिदीच्या डागडुजीसाठी कुणी कुठल्या बंदरातून पैसे पाठवले तेही सापडू शकतं.

गिरणीत गेलेल्यांसाठी मुंबईतली ग्राममंडळं पाहा. परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळींमधल्या गावकीच्या खोल्यांचे नियम, वर्गणीच्या वह्या आणि मंडळाच्या रौप्य किंवा सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. स्मरणिकेतल्या जाहिरातीसुद्धा वाचा, गावातल्या कुणाची कुठं पिठाची गिरणी होती ते तिथंच मिळतं.

आणि मनीऑर्डरची कुपनं. पैसे घरी आले की पोस्टमन फॉर्मचा तेवढा तुकडा फाडून देई आणि त्यावर पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहिलेल्या असत : शाकारणी उरकून घ्या, म्हशीचं काय झालं, आईचं औषध आणा. बायकांनी अशी कुपनं पत्र्याच्या डब्यात किंवा तारेला टोचून ठेवलेली असायची. घर मोडताना ती जळणात जातात. एखाद्या घरी असा तारेचा गठ्ठा दिसला तर त्या दिवशीचं दुसरं सगळं काम बाजूला ठेवा आणि क्रम न मोडता एकेकाचा फोटो काढा.

पुण्या-मुंबईला जावंच लागेल का?

गावाचा एकोणिसाव्या शतकापासूनचा इतिहास हवा असेल तर बराचसा जिल्ह्यातच होतो. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे आणि चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. दोन्हीकडे स्थानिक पुस्तकं आणि जाणकार माणसं भेटतात.

पेशवाईसाठी पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. कागद रुमालांत बांधलेले आहेत. प्रांत अजमास, घडणी, रोजकीर्द अशा विभागांची याद्यांवरून आधी ओळख करून घ्या, नाहीतर पहिले दिवस रुमाल मागवण्यातच जातात. पुण्यातच १९१० साली वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, त्यांच्याकडे घराण्यांची दफ्तरं जमा आहेत. इंग्रजी अमलाच्या सरकारी पत्रव्यवहारासाठी मुंबईचं पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. जाण्यापूर्वी ओळखपत्र, विषयाचं पत्र आणि कामाच्या वेळा यांची चौकशी करून घ्यावी.

बंदरांचा, समुद्रावरच्या व्यापाराचा इतिहास कुठं आहे?

मोठा भाग परभाषेत आहे. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातलं नामांकित बंदर होतं. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात परतीच्या वाटेवर इथूनच जहाजात बसला. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीजांनी ते लुटून जाळलं. पोर्तुगीज कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि आपल्या खाड्यांबद्दल तिथं जे आहे त्यातलं फार थोडं मराठीत आलं आहे. पोर्तुगीज शिकायची तयारी असलेल्या तरुणाला इथं आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे.

राजापूरला इंग्रजांची वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले, म्हणून १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरवर स्वारी करून वखारवाल्यांना कैद केलं. त्या कैद्यांची पत्रं ईस्ट इंडिया कंपनीच्या दफ्तरात, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि बरीचशी छापलेलीही आहेत.

गलबतं, मचवे, पडाव यांच्या काळासाठी मात्र तांडेलांच्या, म्हणजे गलबतं चालवणाऱ्यांच्या, घरी जावं लागेल. कुठला माल कुठल्या वाऱ्याला निघायचा, नारळी पौर्णिमेनंतर पहिलं गलबत कधी सुटायचं, खाडीच्या तोंडाशी कुठं गाळ साचून बंदर मेलं, हे सांगणारी पिढी झपाट्याने संपत आहे. हा भाग पुढच्या वर्षावर टाकू नका.

‘आमच्या गावात शिवाजी महाराज मुक्कामाला होते’ असं सांगतात. लिहू का?

परंपरा म्हणून लिहा, कोण सांगतं आणि कधीपासून सांगतात ते नोंदवून. मग स्वारीचा मार्ग पाहा. १६६१ च्या मोहिमेत महाराज दाभोळ, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर या पट्ट्यातून गेले. गाव त्या वाटेवर असेल तर शक्यता आहे असं म्हणता येतं, त्यापलीकडे कागद मिळेपर्यंत जाऊ नये.

कोरलेला दगड किंवा कातळावरचं चित्र सापडलं तर काय करायचं?

हलवू नका, घासू नका, शेंदूर किंवा ऑइलपेंट लावू नका, खडूने रेषा गिरवू नका. वीरगळ (वीराच्या स्मरणाचा दगड), सतीशिळा आणि गधेगळ (गाढवाचं चित्र कोरलेला शापाचा दगड) यांच्यावरची झिजलेली अक्षरं दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. संध्याकाळी अंधारताना एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर बॅटरी धरली की अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि दिवसा सपाट वाटणाऱ्या दगडावर ओळ उभी राहते. बॅटरी चारही बाजूंनी फिरवत फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. जागा, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि लोक त्याला काय म्हणतात ते लिहून घ्या. लेख आधीच वाचला गेलेला असू शकतो. वा. वि. मिराशी यांनी शिलाहार या कोकणातल्या जुन्या राजघराण्याचे लेख एकत्र संपादित केले आहेत, तिथं आधी पाहावं.

कातळशिल्पांचं तसंच. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ ही रत्नागिरीतली ठिकाणं सिंधुदुर्गातल्या कुडोपी आणि गोव्यातल्या फणसायमाळ यांच्यासह २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटरचा आहे, पायाशी उभं राहून कळतच नाही की आपण हत्तीवर आहोत. म्हणून वरून फोटो लागतो. त्यांचं नेमकं वय अजून अभ्यासाधीन आहे, तेव्हा ‘इतक्या हजार वर्षांपूर्वीचं’ असं ठोकून लिहू नये. या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, चिरेखाणी आणि रस्ते येतात, त्यामुळे नवीन शिल्प दिसल्यास ग्रामपंचायत आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला लगेच लेखी कळवा. खणून पाहू नका.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना काय विचारायचं?

‘पूर्वी कसं होतं?’ असं विचारलं तर ‘चांगलं होतं’ एवढंच उत्तर मिळतं. कामाबद्दल विचारा. भात कांडायला किती वेळ लागायचा, मीठ कुठून यायचं, बोटीला पोचवायला बंदरापर्यंत कोण यायचं, पहिल्यांदा एस. टी. आली तेव्हा कुठं थांबली. बायकांशी बोलताना घरातले पुरुष मधे उत्तर देऊ लागतात, म्हणून शक्यतो एखाद्या बाईनेच आणि स्वयंपाकघरात किंवा पडवीत बसून बोलावं. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. ‘हे लिहू नको’ म्हटलेलं लिहू नका.

देवस्थानच्या मानपानाचे जुने कागद मिळाले आहेत. छापावेत का?

पालखी, शिमगा, गुरवपण, पहिला मान यांचे वाद अनेक गावांत आजही चालू आहेत. अशा कागदाची प्रत सुरक्षित ठेवा, गावऱ्हाटी, म्हणजे गावच्या देवकार्याची आणि मानपानाची रीत, समजून घेण्यासाठी वापरा, पण चालू वादात एका बाजूचं हत्यार होईल असं छापू नका. जमिनीच्या वादातही तेच.

घरातले कागद ओले झाले, वाळवी लागली. आता?

उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली पसरवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. सेलोटेप आणि लॅमिनेशन कधीही नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या वाचनालयात पाणी शिरून ग्रंथांचं मोठं नुकसान झालं, तेव्हापासून तरी जिल्ह्यातल्या प्रत्येकाने कागद जमिनीलगतच्या कपाटात ठेवणं बंद करायला हवं. कुणाच्या घरचे मूळ कागद ‘वाचून देतो’ म्हणून आपल्याकडे नेऊ नका. तिथंच, खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकालाही प्रत द्या.

लिहून झाल्यावर काय करायचं?

छापण्याआधी मसुदा गावातल्या प्रत्येक वाडीत वाचून दाखवा, बौद्धवाडी आणि मोहल्ल्यासकट. चुका तिथंच निघतात आणि नवे कागदही तिथंच निघतात. प्रत्येक विधानाखाली ते कुठून घेतलं ते लिहा : फेरफाराचा क्रमांक, रुमालाचा क्रमांक, सांगणाऱ्याने परवानगी दिली असेल तर त्याचं नाव. मग एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या वाचनालयात आणि एक मुंबईच्या मंडळाकडे. फोटो आणि रेकॉर्डिंग निदान दोन वेगळ्या घरांतल्या डिस्कवर ठेवा. फाइलच्या नावातच गाव, घर आणि तारीख घाला, म्हणजे पुढच्या माणसाला तुम्हाला फोन न करता काम सुरू करता येईल.